'आधी बीज एकले' : अभंग क्रमांक किती?

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी माझा सेमिनार बियांच्या अंकुरणावर होता. पहिल्याच स्लाइडवर मी 'आधी बीज एकले' टाकलं आणि खाली लिहिलं, 'संत तुकाराम'. गाईडनी एकच प्रश्न विचारला, "गाथेतला क्रमांक काय?"

मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. गाथेच्या मागची अकारविल्हे सूची उघडली. नाही. दुसरी आवृत्ती पाहिली. तिच्यातही नाही.

पोशीरला सप्ताहात टाळ-मृदंगावर हे गाणं ऐकतच मी मोठी झाले. आजीला फोन केला, तर म्हणाली, "तुकोबांचाच हाय. शिनेमात नाय का गायलाय त्यांनी!"

तेव्हा सुट्टीत घरी आल्यावर तिच्याच शेजारी बसून 'संत तुकाराम' पुन्हा पाहिला. पूर्वी कितीदा तरी पाहिलाय, पण या वेळी वही घेऊन. प्रभात फिल्म कंपनीचा 1936 चा चित्रपट, दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. मुंबईत तो वर्षाहून जास्त चालला आणि 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. तुकोबा झालेत विष्णुपंत पागनीस. रंगभूमीवर पूर्वी स्त्रीभूमिका करणारा हा नट इथे इतकं साधं गातो की अभिनय चाललाय हे विसरायला होतं. मी तर दोनदा वही बाजूला ठेवली. आणि गौरीबाईंची जिजाई! तिच्यावर वेगळंच लिहावं लागेल.

मुद्दा गाण्यांचा. संगीत केशवराव भोळ्यांचं. तुकोबांचे मूळ अभंग चित्रपटात आहेतच, पण 'आधी बीज एकले' लिहिलंय गीतकार शांताराम आठवले यांनी, या चित्रपटासाठी. म्हणजे माझी स्लाइड जवळजवळ तीनशे वर्षांनी चुकली होती. अभ्यासकांनीही ते गाथेत शोधलं, अशी हकीकत सांगतात. तेवढाच मला दिलासा.

आता गंमत बघा. चित्रपटातला खलनायक सालोमालो तुकोबांचे अभंग स्वतःचे म्हणून खपवतो. हे नाव पटकथाकार शिवराम वाशीकरांनी हवेतून काढलेलं नाही. दुसऱ्याची वचनं मोडून आपली म्हणणाऱ्या सालोमालोंवर तुकोबांनी स्वतःच अभंगात टीका केली आहे. आणि ज्या चित्रपटात ही चोरी दाखवलीय, त्याच चित्रपटात आठवल्यांनी नेमकं उलटं केलं. आपले शब्द तुकोबांच्या तोंडी दिले. त्यात फसवणूक नव्हती, ते त्यांचं कामच होतं. तुकोबांचं नाव त्या गाण्याला आपण ऐकणाऱ्यांनी चिकटवलं.

मग मला आधी ओळखता आलं असतं का? आलं असतं. पूर्ण गाणं ऐका, त्यात 'तुका म्हणे' कुठेच नाही. मोठ्या अभंगाच्या सहा-सहा-सहा-चार अक्षरांच्या मोजणीतही ते बसत नाही. पण सावध राहा, उलटं खरं नसतं. 'तुका म्हणे' असलं म्हणून रचना तुकोबांचीच ठरत नाही, कारण ती मुद्रा कोणीही जोडू शकतो. शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णुशास्त्री पंडित यांनी 1869 आणि 1873 साली सरकारी मदतीने गाथा छापली, तेव्हा त्यांना देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर अशा ठिकाणच्या हस्तलिखित वह्या ताडून पाहाव्या लागल्या. आपण ज्याला 'गाथेत आहे' म्हणतो, त्याच्यामागे ही एवढी मेहनत आहे. 'गाथेत नाही' म्हणतानाही कुठली गाथा ते सांगायला हवं. मी गाईडना नुसतं "सापडत नाही" असं कळवलं होतं. त्यावर त्यांचा पुढचा प्रश्न काय आला असेल, ओळखा.

स्लाइड बदलली. तिथे आता 'शांताराम आठवले, संत तुकाराम (चित्रपट), 1936' असं आहे.

आजीला सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग सप्त्यात म्हनायचा नाय का आता?" मी म्हटलं, म्हणा की. ती म्हणाली, "मंग झालं." आणि यंदाही पोशीरच्या सप्ताहात तो 'तुकोबांचा अभंग' म्हणूनच झाला. मी मागच्या रांगेत टाळ वाजवत होते.