दोन खजिने आणि एका मुलाचा प्रश्न

मी शिकवतो उर्दू आणि मराठी. पण शाळेत कुणी रजेवर असले की इतिहासाचा तासही कधी कधी माझ्याकडे येतो. अशाच एका तासाला आठवीच्या वर्गात स्वातंत्र्यलढ्याचा पाठ चालू होता. पुस्तकातली नावे वाचून झाल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, इसमें अपने कौन थे?"

वर्गात हसू पिकले. मला मात्र हसू आले नाही. हा प्रश्न मी स्वतः लहानपणी मनात विचारला होता, फक्त मोठ्याने विचारायची हिंमत झाली नव्हती. मी त्याला मौलाना आझादांचे, अशफाकउल्ला खानांचे नाव सांगितले. तो बसला, पण त्याचे समाधान झाले नाही हे दिसत होते. त्याला दिल्ली-शाहजहाँपूर नको होते, त्याला धुळे हवे होते. म्हणून हा लेख.

धुळ्याहून आग्रा रोडने उत्तरेला निघा. तापी ओलांडली, शिरपूर मागे पडले की सातपुडा समोर येतो आणि पुढे सेंधव्याचा घाट लागतो. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी या घाटाची राखण खाज्या नाईक नावाचा भिल्ल नाईक करत असे, आणि तीही इंग्रजांच्याच नोकरीत. पुढे नोकरी गेली, तुरुंगवास झाला. 1857 चा वणवा पेटला तेव्हा हाच राखणदार बंडात उतरला. भीमा नाईक आणि इतर भिल्ल नाईक त्याच्याबरोबर होते. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात याच घाटात सुमारे सात लाखांचा सरकारी खजिना लुटला गेला. 11 एप्रिल 1858 रोजी सातपुड्यातल्या आंबापाणीला इंग्रज फौजेशी मोठी लढाई झाली. पकडलेल्या कित्येक भिल्लांना तिथेच गोळ्या घातल्या गेल्या आणि बायकांनाही कैद करून नेण्यात आले.

त्या मुलाच्या प्रश्नाचे पहिले उत्तर इथे आहे. खाज्या नाईकाच्या फौजेत भिल्लांच्या खांद्याला खांदा लावून मकराणी शिपाईही लढत होते. पण इतिहास अर्धाच सांगायचा नसतो. 1860 मध्ये खाज्या नाईकाचा जीव घेतला तोही एका मकराण्यानेच. विश्वास संपादन करून फौजेत शिरलेल्या त्या जमादाराने दगा केला. मग यात 'आपला' कोण? जो त्याच्याबरोबर लढला तो, की ज्याने पाठीमागून वार केला तो? दोघेही कलमा पढणारेच होते.

आता दुसरा खजिना. धुळ्याहून दोंडाईच्याकडे जाताना शिंदखेडा तालुक्यात चिमठाणे लागते. 14 एप्रिल 1944 रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे बसमधून जाणारा सरकारी खजिना क्रांतिकारकांनी या गावाजवळ लुटला. रक्कम साडेपाच लाखांच्या घरात होती. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी अशी साताऱ्याची मंडळी त्यात होती, आणि खानदेशातल्या भूमिगतांची त्यांना साथ होती. साताऱ्याच्या लोकांनी एवढ्या लांब का यावे? कारण तिकडे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चालू होते आणि ते चालवायला पैसा लागत होता.

सरकारच्या कागदात दोन्ही घटनांची नोंद एकाच शब्दाने झाली: दरोडा. हा शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांसमोर आयर्लंड येते. इंग्रजांनी सर्वांत आधी गिळलेल्या देशांपैकी तो एक, आणि तिथल्या बंडखोरांनाही खुनी आणि दरोडेखोरच म्हटले गेले.

24 एप्रिल 1916 रोजी डब्लिनमध्ये हजार-दीड हजार माणसांनी पोस्टाची मोठी कचेरी आणि इतर काही इमारती ताब्यात घेऊन प्रजासत्ताक जाहीर केले. सहा दिवसांत बंड मोडले. कैद करून नेताना डब्लिनच्याच काही लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. पण मे महिन्यात सरकारने एकामागून एक पंधरा जणांना गोळ्या घातल्या आणि लोकांची मने फिरली. 1918 च्या डिसेंबरमधल्या निवडणुकीत आयर्लंडच्या 105 पैकी 73 जागा शिन फेन पक्षाने जिंकल्या. निवडून आलेले लोक लंडनला गेलेच नाहीत. जानेवारी 1919 मध्ये त्यांनी डब्लिनमध्ये स्वतःची संसद भरवली. पाठोपाठ स्वतःची न्यायालये सुरू केली आणि जनतेकडून राष्ट्रीय कर्ज उभे केले. मायकेल कॉलिन्स हा एकीकडे बंदुकवाल्यांचा सूत्रधार आणि दुसरीकडे त्या सरकारचा अर्थमंत्री. पोलीस मागावर असतानाही तो कर्जाचे हिशेब ठेवत होता.

साताऱ्यात 1943 ते 1946 या काळात हेच आपल्या मातीतल्या पद्धतीने घडले. न्यायदान मंडळे गावातले तंटे सोडवत, तुफान सेना गुंडांचा बंदोबस्त करी, कमी खर्चात लग्ने लागत. दरोडेखोर पैसा वाटून घेतो आणि पळतो. बंडखोराला त्या पैशाचा हिशेब द्यावा लागतो, आणि ज्यांच्या नावाने बंड केले त्यांना न्यायही द्यावा लागतो. चिमठाण्याचा पैसा कुणाच्या घरी गेला नाही, एका सरकारच्या कामी गेला.

आयर्लंडकडे आपल्या लोकांचे लक्ष तेव्हाही होते. होमरूल हा शब्दच तिकडचा. डब्लिनमध्ये गोळीबार चालू होता त्याच आठवड्यात, 28 एप्रिल 1916 रोजी, बेळगावला लोकमान्यांची होमरूल लीग स्थापन झाली. तिचे अध्यक्ष होते मुंबईचे ख्रिस्ती बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा. त्याच वर्षी टिळकांवर राजद्रोहाचा आरोप आला तेव्हा त्यांच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे राहिले, आणि डिसेंबरात लखनौ करार झाला. टिळकांना गुरू मानणाऱ्या मौलाना हसरत मोहानींनी 1921 च्या अहमदाबाद काँग्रेसमध्ये संपूर्ण स्वातंत्र्याची मागणी मांडली. काँग्रेसने ती स्वीकारायला आणखी आठ वर्षे लागली.

पण आयर्लंडने आपल्याला एक धडाही देऊन ठेवला आहे. 1791 मध्ये 'युनायटेड आयरिशमन' ही संघटना उभी करणाऱ्यांत वुल्फ टोन हा प्रोटेस्टंट वकील होता. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या नावांऐवजी सर्वांनी आयरिश हे एकच नाव लावावे, असे त्याचे म्हणणे होते. 1798 च्या बंडात त्यासाठीच त्याचा जीव गेला. पुढच्या शंभर वर्षांत ही गोष्ट मागे पडली आणि 'आपले कोण' हा प्रश्न धर्म पाहून सोडवला जाऊ लागला. शेवटी देश तुटला. उत्तरेचे सहा जिल्हे ब्रिटनकडे राहिले. 1921 चा करार मान्य की अमान्य यावरून 1922 मध्ये कालचे साथी एकमेकांवर बंदुका रोखून उभे राहिले. त्याच यादवीत ऑगस्टमध्ये कॉलिन्स मारला गेला, आणि तोही आयरिश गोळीनेच. फाळणी म्हणजे काय हे आपल्या घरांना कुणी वेगळे सांगायला नको.

आणखी एक गोष्ट. 1919 मध्ये जालियनवाला बाग घडली तेव्हा पंजाबचा गव्हर्नर असलेला आणि त्या कत्तलीची पाठराखण करणारा मायकेल ओडवायर हा आयरिश होता, कॅथलिकही होता. पुढच्याच वर्षी त्याच पंजाबात, जालंधरच्या छावणीत, कनॉट रेंजर्स पलटणीच्या आयरिश शिपायांनी शस्त्रे खाली ठेवली. मायदेशात इंग्रज फौज जे करते आहे ते पाहून आम्ही त्यांची चाकरी करणार नाही, असे त्यांनी सांगितले. त्यांच्यातल्या जेम्स डॅलीला गोळ्या घातल्या गेल्या. दोघे एकाच मातीचे. आयर्लंडने आपला कुणाला म्हणावे?

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला आंबापाणी आणि चिमठाणे दोन्ही सांगितले. मकराणी शिपाई सांगितले आणि मकराणी जमादारही सांगितला. म्हटले, बेटा, नाव बघून आपले-परके ठरवशील तर तो जमादारही आपला म्हणावा लागेल आणि खाज्या नाईक परका. चालेल तुला? तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "नहीं सर. खाज्या नाईक अपना."

शिरपूर, शहादा, दोंडाईचा भागात माझे बरेच वाचक आहेत. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना चिमठाण्याच्या काळातले काही आठवत असेल, आजोबांकडून ऐकलेले सातपुड्यातले काही सांगता येत असेल, तर ते बसून लिहून घ्या. अहिराणीत सांगितले तर अहिराणीत, उर्दूत सांगितले तर उर्दूत. उद्या एखादा मुलगा मागच्या बाकावरून उठून तोच प्रश्न विचारील, तेव्हा त्याच्या शिक्षकाकडे धुळ्याचे उत्तर असले पाहिजे.