जुन्या तुळईची किंमत

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेकाठी कितीतरी मातीची घरे पडली. घर पडले की माती मातीला मिळते. तुळया, खांब, चौकटी मागे राहतात. त्यांचे काय करायचे? बहुधा ती चुलीत जातात, नाहीतर मिळेल त्या भावाने विकली जातात.

बावड्याच्या रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास, करवीरच्या संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत, आज्ञापत्र लिहिले. आरमाराला लाकूड तर हवेच. पण रयतेच्या आंबा-फणसांना हात लावू नका, असे त्यात बजावले आहे. कारण झाड काही एक-दोन वर्षांत होत नाही. रयतेने ते लेकरासारखे वाढवलेले असते. एखादे अगदीच जीर्ण झाले, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन मगच तोडावे.

मग जे लाकूड आधीच तोडलेले आहे, ते जाळायचे कशाला? जुना साग मुरलेला असतो, सहसा वाकत नाही. ठोकून पाहा, आवाज बद्द आला तर आतून पोखरलेले समजा. भिजलेले असेल तर सावलीत वाळवा. खिळे सगळे उपसा, नाहीतर सुताराच्या रंध्याचे पाते जायचे! मग आजोबांच्या तुळईतून शाळेचा बाक होतो, नातवाचा पाळणाही होतो.