कुरकुरीत बटाट्याचा इतिहास आणि घरचे फ्रेंच फ्राईज

फ्रेंच फ्राईज घरी केले म्हणजे ते आपोआप आरोग्यदायी होतात का? तसे नाही. तेल कोणते, बटाटा कुठे ठेवलेला होता आणि रंग किती गडद झाला, या तीन गोष्टींवर बरेच काही ठरते. या तिन्हींचे धोके विज्ञानाला एकदम कळले नाहीत, एकेक करत कळले. तो इतिहास समजला तर पुढची कृती पाठ करावी लागणार नाही.

'बटाटा' आपल्याकडे कसा आला?

उत्तर भारतात 'आलू' म्हणतात, आपण 'बटाटा' म्हणतो. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. साष्टी आणि वसईचा प्रदेश 1534 च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेला. ठाणे 1737 मध्ये मराठ्यांनी घेतले, म्हणजे सुमारे दोनशे वर्षे ठाण्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता. मूळ कॅरिबियन बेटांवरचा 'बटाटा' हा शब्द रताळ्यासाठी होता. त्यामुळे भारताविषयीच्या सुरुवातीच्या परदेशी नोंदींतला 'पोटॅटो' हा बटाटा की रताळे, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. आपला पाव हा शब्दही पोर्तुगीजच.

पुढे बटाटा उपवासालाही चालू लागला. परदेशातून आलेल्या कंदाला याहून मोठा मान तो कोणता!

आजीचे वाळवण आणि कारखान्याची युक्ती

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या चाळींच्या गच्चीवर उन्हाळ्यात बटाट्याचा कीस आणि वेफर्स वाळत घातलेले तुम्ही पाहिले असतील. त्याची पद्धत आठवा. काप पाण्यात टाकायचे, दोन-तीनदा धुवायचे, पाण्यात तुरटी फिरवायची, उकळत्या पाण्यात अर्धवट शिजवायचे आणि मग कापडावर पसरायचे.

अमेरिकेत 1940-50 च्या दशकांत जे. आर. सिम्प्लॉट यांच्या कंपनीने गोठवलेले फ्राईज बाजारात आणले. त्या उद्योगातही हेच टप्पे आहेत: काप धुणे, गरम पाण्यातून काढणे, कोरडे करणे. धुण्याने पृष्ठभागावरचा सुटा स्टार्च जातो, गरम पाण्याने साखर कमी होते आणि कोरडेपणामुळे कुरकुरीतपणा येतो. फ्राईज बाहेरून पाणी निघून गेल्यामुळे कुरकुरीत होतात, जास्त तेलामुळे नाही. म्हणूनच ते कमी तेलातही जमतात.

पहिला धडा: तेल

आपल्याकडे तळणाचा एक मोठा काळ वनस्पती तुपाचा होता. 'डालडा' 1937 मध्ये बाजारात आला. स्वस्त आणि टिकाऊ असल्याने तो हॉटेलांत व घरांत रुळला. तेल घट्ट करण्याच्या प्रक्रियेत ट्रान्स फॅट तयार होतात. 1990 मध्ये नेदरलँड्समधील मेन्सिंक आणि कटान यांनी दाखवले की हे फॅट वाईट कोलेस्टेरॉल (एलडीएल) वाढवतात आणि चांगले (एचडीएल) कमी करतात. भारतात तेल व वनस्पतीमधील ट्रान्स फॅटची मर्यादा टप्प्याटप्प्याने कमी होत जानेवारी 2022 पासून 2 टक्के झाली.

दुसरा प्रश्न तेच तेल पुन्हा पुन्हा तापवण्याचा. 1 जुलै 2018 पासून तळणाच्या तेलातील टोटल पोलर कंपाउंड्स 25 टक्क्यांपेक्षा जास्त असतील तर ते तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. स्टेशनबाहेर गरम वडापाव घेताना कढईतल्या तेलाकडे एकदा बघा. काळपट, चिकट, फेसाळ तेल असेल तर पुढे चला. घरीही हाच नियम लावा.

दुसरा धडा: रंग

1997 मध्ये स्वीडनमधील हालान्डसोस या रेल्वे बोगद्याच्या कामात अ‍ॅक्रिलामाइड असलेले रसायन पाण्यात झिरपले. मासे मेले, गुरे लुळी पडली. कामगारांचे रक्त तपासताना तुलनेसाठी बोगद्याशी संबंध नसलेल्या लोकांचेही रक्त घेतले, तर त्यांच्यातही अ‍ॅक्रिलामाइडच्या खुणा सापडल्या. हे आले कुठून? शोध स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला. एप्रिल 2002 मध्ये स्वीडनने जाहीर केले की पिष्टमय पदार्थ खूप तापवून तळले किंवा भाजले की त्यांत हा पदार्थ तयार होतो. प्राण्यांमध्ये त्यामुळे कर्करोग होतो. माणसांबाबत पुरावा तितका पक्का नाही, म्हणून घाबरू नका, पण तपकिरी-काळे फ्राईज टाळा.

बटाट्यातील साखर आणि अ‍ॅस्परॅजिन हे अमिनो आम्ल यांच्यापासून अ‍ॅक्रिलामाइड बनते. फ्रिजच्या थंडीत बटाट्यातील स्टार्चची साखर होऊ लागते. कधी कधी बाजारातला बटाटा गोडसर लागतो, तो बहुधा शीतगृहातला असतो. असा बटाटा पटकन काळपट होतो. म्हणूनच भारतीय शास्त्रज्ञांनी 'कुफरी चिप्सोना'सारखे कमी साखरेचे वाण काढले.

आता कृती

1. अर्धा किलो घट्ट बटाटे घ्या. हिरवे किंवा मोड आलेले नकोत. फ्रिजबाहेर, अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवलेले असावेत.
2. बोटाएवढे जाड काप करा. जाड कापांना तेल कमी लागते. दोन-तीनदा धुवून अर्धा तास पाण्यात ठेवा.
3. उकळत्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून काप 4-5 मिनिटे ठेवा. आंबटपणामुळे काप मोडत नाहीत.
4. निथळून सुती कापडावर पूर्ण कोरडे करा. पावसाळ्यात पंख्याखाली ठेवा. ही पायरी चुकवू नका.
5. एक मोठा चमचा तेल (सुमारे 120 कॅलरी) चोळा. ओव्हनमध्ये 200 अंशांवर 30-35 मिनिटे किंवा एअरफ्रायरमध्ये 180 अंशांवर 18-20 मिनिटे, एकाच थरात, मध्ये एकदा उलटून भाजा. एअरफ्रायर नसला तरी तव्यावर मंद आचेवर झाकण न ठेवता जमते.
6. सोनेरी झाले की काढा. मीठ शेवटी आणि बेताने.

किती खायचे?

तळलेल्या 100 ग्रॅम फ्राईजमध्ये साधारण 300 कॅलरी असतात, उकडलेल्या बटाट्यात 90 च्या आसपास. एअरफ्रायरने तेल कमी होते, बटाट्यातले पिष्ट कमी होत नाही. मधुमेह असेल तर फ्राईज हे पोळी-भाताच्या जागी मोजा, वर जास्तीचे म्हणून नको. सोबत कोशिंबीर, डाळ किंवा अंडे घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर बटाट्यातल्या पोटॅशियममुळे आधी डॉक्टरांना विचारा. मुलांना पंधरा दिवसांतून एकदा, वाटीभर पुरे.

आजीला 'अ‍ॅक्रिलामाइड' हा शब्द माहीत नव्हता. पण काप धुणे, अर्धवट शिजवणे आणि नीट वाळवणे तिला माहीत होते. तेवढे आपण सोडायचे नाही.