तीन देशांतली पोरं मिळून ऑनलाइन प्रोजेक्ट करतात, तेव्हा ते तडीस कोण नेतं?

साल १९८८. बर्लिनची भिंत अजून उभी होती. अमेरिका आणि सोव्हिएत युनियन एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखून बसले होते. आणि नेमक्या याच काळात न्यूयॉर्क राज्यातल्या १२ आणि मॉस्कोतल्या १२ शाळांमधली पोरं कॉम्प्युटरवरून एकमेकांना निरोप धाडायला लागली.

यामागे होते पीटर कोपेन नावाचे अमेरिकन उद्योजक. सोव्हिएत बाजूने तिथली विज्ञान अकादमी सोबत आली. शत्रूराष्ट्रांतल्या मुलांना नुसतं एकमेकांना ‘हॅलो’ म्हणायला लावायचं नाही, तर एकत्र काम करायला लावायचं, अशी त्यामागची कल्पना होती.

याच प्रयोगातून पुढे ‘आयअर्न’ ही संस्था उभी राहिली. आज तिचं जाळं १४० हून जास्त देशांत पसरलंय. भारतातलं काम पुण्यातून चालतं.

आता गंमत बघा. तेव्हा एक ई-मेल पाठवायचा म्हणजे मोडेम, फोनची लाइन आणि ती मधेच तुटणार नाही यासाठी देवाचा धावा. आज व्हिडिओ कॉल, गुगल डॉक, व्हॉट्सॲप सगळं खिशात आहे. तरीही वेगवेगळ्या देशांतल्या तरुणांनी मिळून सुरू केलेल्या प्रोजेक्टचं काय होतं, हे ज्याने कधी भाग घेतलाय त्याला विचारा.

ग्रुप बनतो. डीपीला पाच देशांचे झेंडे लागतात. पहिल्या दिवशी ओळखपरेड होते, प्रत्येक जण आपल्या जेवणाचा फोटो टाकतो. दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी विचारतं, ‘मग आपण काय करायचं?’ त्यावर चार अंगठे येतात.

तिसऱ्या आठवड्यात ग्रुप थंड.

गाडी नेमकी कुठे अडकते?

या प्रश्नाचा शोध इंटरनेट घराघरात पोहोचायच्या आधीच लागला होता. मार्गारेट रील आणि जेम्स लेव्हिन हे दोन अमेरिकन संशोधक १९८० च्या दशकात शाळांना कॉम्प्युटरच्या नेटवर्कने जोडण्याचं काम करत होते. १९९० मध्ये त्यांनी एक शोधनिबंध लिहिला. त्यात नीट चाललेल्या नेटवर्कसोबत बंद पडलेल्या नेटवर्कचाही अभ्यास होता. यशोगाथा सगळेच लिहितात, फसलेल्या प्रकरणांची चिरफाड फार कमी जण करतात.

त्यांनी तपासलेल्या गोष्टी साध्या होत्या. गट कसा बांधलाय? करायचं काम ठरलेलं आहे का? उत्तर द्यायची सोय कितपत आहे? समन्वय कोणाकडे आहे? आणि या यादीतला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा म्हणजे, उत्तर देणं कोणावर बंधनकारक आहे का?

मेसेज ‘सगळ्यांना’ पाठवला की तो कोणालाच पाठवलेला नसतो. पाच देशांतल्या वीस जणांना वाटतं, उरलेले एकोणीस उत्तर देतील. आणि ज्याने विचारलंय तो समजतो की आपलं म्हणणंच कोणाला आवडलं नाही. समोरासमोर असताना चेहरा बघून अंदाज येतो. ऑनलाइन शांततेचा अर्थ मात्र प्रत्येक जण आपापल्या परीने लावतो आणि तो बहुतेक वेळा चुकीचा निघतो.

मग यावर उपाय काय निघाला?

रील यांनी त्यासाठी जी रचना उभी केली तिचं नाव ‘लर्निंग सर्कल’. आधी एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या शैक्षणिक नेटवर्कवर आणि नंतर आयअर्नमध्ये ती वापरली गेली.

सहा ते आठ वर्ग एका वर्तुळात घ्यायचे. प्रत्येक वर्गाने आपला एक विषय मांडायचा. समजा, एकाने ‘आमच्या गावातलं पाणी’ हा विषय घेतला, दुसऱ्याने ‘आजीच्या काळातले खेळ’. आता प्रत्येक वर्गाने स्वतःच्या विषयावर बाकीच्यांकडून मजकूर मागवायचा आणि बाकीच्यांच्या विषयांसाठी स्वतः मजकूर पाठवायचा. शेवटी सगळ्यांचं मिळून एक प्रकाशन काढायचं.

यातली मेख लक्षात घ्या. तुम्ही दुसऱ्याला मजकूर पाठवला नाही, तर त्याचं पान कोरं राहतं. त्याने पाठवला नाही तर तुमचं. म्हणजे गावाकडच्या सावडीसारखंच झालं. आज मी तुझ्या शेतात राबतो, उद्या तू माझ्या.

शिवाय सगळ्याला टप्पे आणि तारखा. तयारी, ओळख, नियोजन, देवाणघेवाण, प्रकाशन आणि शेवटी निरोप. हो, निरोप हाही एक टप्पाच. काम संपल्यावर एकमेकांचे आभार मानून वर्तुळ रीतसर बंद करायचं. ग्रुप हळूहळू मरत पडण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

लहान मुलांसाठी आयअर्नमध्ये याहून सोपी युक्ती आहे, टेडी बेअर प्रोजेक्ट. दोन देशांतले दोन वर्ग एकमेकांना पोस्टाने एक खेळणं पाठवतात. ते खेळणं परक्या देशात मुलांच्या घरी राहतं, त्यांच्यासोबत फिरतं आणि स्वतःच्या नावाने मूळ वर्गाला ई-मेल करतं, ‘आज मी अमुक खाल्लं, तमुक बघितलं.’ अर्थात लिहितात मुलंच. पण आपलं टेडी तिकडे सातासमुद्रापार आहे म्हटल्यावर त्याच्या पत्राची वाट बघणारे पंचवीस-तीस जण इकडे बसलेले असतात. उत्तर टाळणार कसं?

घड्याळ आणि कॅलेंडर

ही बाब किरकोळ वाटते, पण टीमा फुटतात त्या बऱ्याचदा इथेच.

समजा टीममध्ये पुणे, नैरोबी आणि साओ पावलो अशा तीन ठिकाणची पोरं आहेत. पुण्यात संध्याकाळचे साडेसहा, तेव्हा नैरोबीत चार आणि साओ पावलोत सकाळचे दहा. जमण्यासारखं आहे, फक्त ब्राझीलमधल्या पोराची शाळा सकाळच्या सत्रात नसली पाहिजे. त्यात कॅलिफोर्नियातला चौथा गडी आला की त्याच्याकडे तेव्हा उन्हाळ्यात पहाटेचे सहा आणि हिवाळ्यात पाच वाजलेले असतात. मग दर वेळी एकाच माणसाने झोपमोड करायची का? अनुभवी मार्गदर्शक कॉलची वेळ आळीपाळीने बदलतात, म्हणजे त्रास वाटला जातो.

भारतात राहणाऱ्यांना अजून एक गोष्ट माहीत नसते. अमेरिका आणि युरोपमध्ये वर्षातून दोनदा घड्याळं पुढे-मागे होतात आणि तीही एकाच दिवशी नाही. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे सगळे हिशेब चुकतात. कोणीतरी तासभर आधी येऊन रिकाम्या स्क्रीनकडे बघत बसतो आणि रागावून निघून जातो.

तारखेचंही तेच. ‘०३/०४ पर्यंत पाठवा’ असं लिहिलं तर नागपूरचा मुलगा ३ एप्रिल समजणार आणि शिकागोची मुलगी ४ मार्च. महिन्याचं नाव अक्षरात लिहिलं की भानगड मिटते.

सुट्ट्यांचा तर मेळच बसत नाही. जपानमध्ये शाळा एप्रिलमध्ये सुरू होते, आपल्याकडे जूनमध्ये. ऑस्ट्रेलियात डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ्याची मोठी सुट्टी. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडच्या दहावी-बारावीवाल्यांना कोणी हाक मारू नये. चांगला मार्गदर्शक पहिल्याच आठवड्यात प्रत्येक देशाच्या परीक्षा, सण आणि सुट्ट्या एका कागदावर मांडतो. उरलेल्या दिवसांत जेवढं मावेल तेवढंच काम ठरवतो. बहुतेक टीमा बरोबर उलटं करतात.

इंग्रजी फाडफाड बोलणारा जिंकतो?

व्हिडिओ कॉलवर हेच होतं. ज्याचं इंग्रजी सफाईदार तोच बोलतो, तोच ठरवतो. मराठी माध्यमातून आलेला, कोरियन किंवा स्पॅनिश बोलणारा पोरगा मनात वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. त्याच्याकडे सांगण्यासारखं नसतं असं नाही, त्याला वेळ मिळालेला नसतो.

म्हणून निर्णय कॉलवर न घेता लेखी घेतलेले बरे. मुद्दे आधी डॉक्युमेंटमध्ये टाकायचे, दोन दिवस द्यायचे, प्रत्येकाने नावासकट मत लिहायचं. हवं तर आपल्या भाषेत लिहून मग भाषांतर करायचं. वेग कमी होतो, पण लोक टिकतात.

‘हो’ या शब्दाचाही घोळ आहेच. आपल्याकडे मोठ्यांना तोंडावर नाही म्हणत नाहीत, त्यामुळे ‘हो सर’ याचा अर्थ ‘ऐकलं’ इतकाच असू शकतो. समोरचा डच किंवा जर्मन असेल तर तो ‘हो’ म्हणजे ‘रविवारपर्यंत होणार’ असं धरून चालतो. अशा वेळी ‘जमेल का?’ असं न विचारता ‘यातला पहिला तुकडा कधी दाखवशील?’ असं विचारणारा मार्गदर्शक निम्मी भांडणं वाचवतो.

मदत करायची, काम नाही

१९९६ मध्ये ‘थिंकक्वेस्ट’ नावाची स्पर्धा सुरू झाली. ॲडव्हान्स्ड नेटवर्क अँड सर्व्हिसेस या ना-नफा संस्थेने इंटरनेटचं जाळं चालवण्याचा आपला व्यवसाय एओएलला विकला होता. त्या पैशातून ही स्पर्धा उभी राहिली. १२ ते १९ वयाच्या दोन-तीन पोरांनी टीम करायची, शक्यतो वेगवेगळ्या देशांतली, आणि मिळून एक शैक्षणिक वेबसाइट बनवायची. विषय काहीही, खगोलशास्त्रापासून संगीतापर्यंत.

प्रत्येक टीमला मोठ्या माणसांचे कोच असायचे. पण साइट पोरांनीच बनवायची, कोचने फक्त वाट दाखवायची, असा नियम होता.

हा नियम वाचायला सोपा, पाळायला महाकठीण. अंतिम तारीख दोन दिवसांवर आलीय, एका देशातला मुलगा गायब आहे, त्याचं पान अर्धवट आहे. कोचला ते तासाभरात लिहिता येतं. त्याने लिहिलं तर प्रोजेक्ट पूर्ण होतं, पण ते पोरांचं उरत नाही. नाही लिहिलं तर उरलेल्या दोघांची मेहनत पाण्यात.

यावर धड उपाय एकच, तो शेवटी नाही तर सुरुवातीला करायचा असतो. प्रत्येक कामाला एक मुख्य माणूस आणि दुसऱ्या देशातला एक जोडीदार. तीन दिवस उत्तर नाही आलं की जोडीदाराने काम हातात घ्यायचं, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांनी मान्य केलेलं असलं पाहिजे. गायब झालेल्याला ग्रुपवर झापण्याऐवजी कोचने खासगीत विचारायचं. कारण बऱ्याचदा साधं निघतं. लाइट नाही, डेटा संपलाय, फोन बहिणीसोबत वाटून घेतलेला आहे किंवा घरात कोणी आजारी आहे.

कायद्याची बाजूही कोचनेच बघायची असते. भारताच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचे सगळे लहान मूल धरलेत. युरोपात ही मर्यादा देशागणिक १३ ते १६ आहे. म्हणजे फोटो आणि नावं साइटवर टाकण्याआधी पालकांची लेखी परवानगी हवी. चीनमधला कोणी टीममध्ये असेल तर गुगल आणि व्हॉट्सॲप दोन्ही बाद, कारण तिथे ते बंद आहेत.

आणि प्रोजेक्ट संपल्यावर?

थिंकक्वेस्टचा कारभार २००२ मध्ये ओरॅकल कंपनीच्या शैक्षणिक फाउंडेशनकडे गेला. पोरांनी बनवलेल्या हजारो साइट्सची मोठी लायब्ररी तयार झाली होती, जगभरातल्या शाळा ती वापरत होत्या. १ जुलै २०१३ ला थिंकक्वेस्ट बंद झालं आणि ती लायब्ररीही इंटरनेटवरून उतरली. कोणा तिघांनी शाळा सांभाळून रात्री जागून बनवलेली पानं त्यांच्या जुन्या पत्त्यावर आता उघडत नाहीत. काही इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये सापडतात, तीही बऱ्याचदा चित्रांशिवाय.

म्हणून आता जाणकार मार्गदर्शक टीमकडून शेवटच्या आठवड्यात एक काम करून घेतात. सगळ्या फायली डाउनलोड करून प्रत्येक देशात एकेक प्रत ठेवायची, साइटची पानं स्वतः वेबॅक मशीनमध्ये जतन करायची आणि पुढे कोणीही वापरू शकेल असा क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना त्यावर लिहून टाकायचा. या कामाला एक दुपार पुरते.