एका खोलींतील स्वयंपाकाची वही

भोसरीचें नांव निघालें म्हणजे पुराणवस्तूंच्या अभ्यासकास त्या परिसरांतील महापाषाणांचे धोंडे आठवतात. पुणें-नाशिक रस्त्यावरील या गांवाचें भोजापूर असेंहि जुनें नांव सांगतात. त्या धोंड्यांविषयीं आम्हांस नवें कांहीं सांगावयाचें नाहीं. आज ज्यांविषयीं लिहावयाचें आहे ते धोंडे चुलीचे आहेत, आणि ज्या लेखाच्या आधारें लिहावयाचें तो ताम्रपट नव्हे, सनद नव्हे, तर शाळकरी पोराची एकरेघी वही आहे. वाचकांस यांत थट्टा वाटल्यास वाटो. वहीचें वर्णन आम्ही रीतीप्रमाणें देतों.

मूळ पत्रें 16, पैकीं 11 वें गहाळ. लांबी आठ इंच, रुंदी साडेसहा इंच. शाई निळी, मधूनमधून शिसपेन्सिल. लिपि बाळबोध, अक्षर मोठें व सुटें, चौथी इयत्तेपर्यंत शिकलेल्या बाईचें. शुद्धलेखन बोलण्याप्रमाणें. पत्रें 3, 4 व 9 यांवर तेलाचे डाग असून त्यामुळें पाठीमागील अक्षरें पुढें उमटलीं आहेत. आरंभीं "श्री", शेवटीं पुष्पिका नाहीं. काळ शके 1906, ज्येष्ठ मास. काळाविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं, कारण वही आमच्या मातोश्रींनीं आमच्याचसाठीं लिहिली.

त्या वर्षीं, म्हणजे इ. स. 1984 च्या जूनमध्यें, आम्ही संस्कृताचे शिक्षक म्हणून भोसरीस आलों. 1962 सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि त्यानंतरच्या वीस वर्षांत भोसरीच्या माळरानाचें रूप पालटलें. 1970 सालीं पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी मिळून नगरपालिका झाली, 1982 सालीं महानगरपालिका. कारखान्यांत कामास आलेलीं माणसें बहुधा एकटीं येत, घर मागाहून. गांवांतील वाड्यांच्या मागें, गोठे मोडून, दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशा खोल्यांच्या रांगा उठल्या होत्या. त्यांपैकीं एकींत आम्ही तिघे राहत होतों. दोघे सोबती कारखान्यांतील. त्यांतील एकास बहुधा रात्रपाळी, म्हणजे एकाची झोंप व दुसऱ्याचा स्वयंपाक एकाच वेळीं, एकाच दहा फुटांत. आमचा मुदपाकखाना येणेंप्रमाणें: वातींचा स्टोव्ह 1, जर्मलचीं पातेलीं 2, लोखंडी तवा 1, थाळ्या 3, पळी 1, सांडशी 1, डालड्याचे रिकामे डबे 4. रेशन कार्ड गांवीं, त्यामुळें रॉकेल चढ्या भावानें.

संस्कृतांत एम. ए. झालेल्या माणसास भात लावतां येत नव्हता, हें येथें कबूल केलें पाहिजे.

आपल्याकडे पाकशास्त्राच्या ग्रंथांची वाण नाहीं. कल्याणीच्या चालुक्य वंशांतील तिसऱ्या सोमेश्वराच्या मानसोल्लासांत (शके 1051 चा सुमार) अन्नभोगाचें प्रकरण आहे. तंजावरच्या एकोजीराजांची राणी दीपाबाई हिच्या आश्रयास असलेल्या रघुनाथसूरीचें भोजनकुतूहल सतराव्या शतकाच्या अखेरचें. त्याचा पहिला परिच्छेद 1956 सालीं त्रिवेंद्रमहून छापून निघाला. परशुराम कृष्ण गोडे यांनीं 1943 सालीं याच ग्रंथाच्या आधारें जिलेबीचा इतिहास लावून दाखविला, तो निबंध वाचकांच्या परिचयाचा असेलच. छापील मराठी पुस्तकांत रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें सूपशास्त्र 1875 चें, आणि लक्ष्मीबाई धुरंधर यांचें गृहिणी-मित्र 1910 चें; या दुसऱ्याच्या नांवांतच हजार पाकक्रिया आहेत. हे सर्व ग्रंथ मोलाचे. परंतु सोमेश्वर सांगतो तें राजाच्या उपभोगाचें. रघुनाथसूरि सांगतो ते अन्नाचे गुणदोष, म्हणजे बहुतांशीं पदार्थ पोटांत गेल्यावर काय करतो तें. चूल एकच आहे, भांडीं दोनच आहेत, आणि हात बसलेला नाहीं, अशा माणसानें कोठून आरंभ करावा, हें यांतील कोणीहि सांगत नाहीं. ग्रंथकारांचा तो दोष नव्हे. असला माणूस ग्रंथ मागावयास कधीं गेलाच नाहीं.

म्हणून त्याच्या स्वयंपाकाचा पुरावा अन्यत्र शोधावा लागतो, आणि तो अगदीं अनपेक्षित ठिकाणीं सांपडतो.

वहीचें पहिलें पत्र भाताचें आहे. मातोश्री लिहितात : "तांदूळ धुवून पातेल्यात सपाट करावे. बोट टेकवून पाणी एक पेर वर यावं. झाकणावर पाणी ठेवावं म्हणजे करपत नाही. शीत दोन बोटांत दाबून बघावं." हें वाचतांना आम्हांस पातंजल महाभाष्याची आठवण झाली व आमचें आम्हांसच हसूं आलें. वैयाकरणांस "पचति" हें क्रियापद फार प्रिय. कारकप्रकरणांत पतंजलि या एका शब्दाचीं अंगें सोडवून दाखवितो : भांडें चुलीवर चढविणें, पाणी ओतणें, तांदूळ वैरणें, सरपण पुढें सारणें, हा कर्त्याचा पाक. पुढें तो असेंहि म्हणतो कीं भांडेंहि शिजवितें, कारण अमुक मापाचें धान्य सामावून धरणें हा भांड्याचा पाक होय. आणि लांकडेंहि शिजवितात, कारण धान्य मऊ होईपर्यंत जळत राहणें हा त्यांचा पाक होय. वर्गांत हें आम्हीं विभक्तीचा विचार म्हणून शिकविलें. भोसरीच्या खोलींत कळलें कीं हें दोन हजार वर्षांपूर्वींच्या साध्या स्वयंपाकाचें अगदीं जवळून केलेलें निरीक्षण आहे. तिघांचा भात दोघांच्या पातेल्यांत लावला म्हणजे भांड्याचा पाक बिघडतो. रॉकेल अर्ध्यांत संपलें म्हणजे इंधनाचा. शीत दाबून बघण्याची खूणहि भाष्यकारास ठाऊक आहे. स्थालीपुलाकन्याय तो हाच. एक चूल, एक स्थाली, एक देवदत्त : राजांच्या पाकग्रंथांत न सांपडणारें स्वयंपाकघर व्याकरणांत शाबूत राहिलें आहे.

पेराचें माप विशेष लक्षांत घेण्यासारखें आहे. भांडें रुंद असो वा अरुंद, नेहमींच्या बेताच्या भातास तें बहुधा चुकत नाहीं. आणि हरवत तर मुळींच नाहीं, कारण तें हातालाच जडलेलें आहे. वहींत मापें अशींच आहेत : मूठ, चिमूट, पेर, ओंजळ. वाटी फक्त चार ठिकाणीं आली आहे, व त्या चारांतील एके ठिकाणीं "वाटी नसली तर चहाचा कप" असें समासांत लिहिलें आहे.

पत्रें 3 व 4 भाकरीचीं. ज्वारीचें पीठ जुनें झालें म्हणजे त्याची विरी जाते, म्हणजे चिकटपणा सुटतो, म्हणून उकळत्या पाण्यांत भिजवावें. परात नसल्यास थाळी पालथी घालून तिच्यावर थापावी. स्टोव्हच्या ज्योतीवर भाजल्यास रॉकेलचा वास लागतो, म्हणून तव्यावरच फडक्यानें दाबून फुगवावी. पुढें एक वाक्य आहे, "तवा शेजारी मागायला जाऊ नकोस, पहिल्या पगारात घे." गृहिणीच्या या शब्दांत सारा इतिहास आहे. त्या खोलीपासून सुमारें तीन कोसांवर आळंदी आहे, आणि आळंदींत भाजण्याचें भांडें न मिळाल्याची कथा सर्वश्रुत आहे. निवृत्तिनाथांस मांडे खावेसे वाटले. मुक्ताबाई खापर आणावयास निघाली. विसोबा चाटीनें कुंभारांकडून तें तिला मिळूं दिलें नाहीं. मग ज्ञानदेवांनीं योगाग्नीनें पाठ तापविली व मुक्ताबाईनें तिच्यावर मांडे भाजले. महीपतीच्या भक्तिविजयाचा काळ शके 1684, ज्ञानदेवांच्या समाधीचा शके 1218. मध्यें साडेचारशेंहून अधिक वर्षें गेलीं, तेव्हां ही कथा तेराव्या शतकाचा पुरावा म्हणून आम्ही पुढें करीत नाहीं. परंतु महीपतीच्या श्रोत्यांस काय ठाऊक होतें याचा तो उत्तम पुरावा आहे. मांडे खापराशिवाय होत नाहींत, हें त्यांस सांगावें लागलें नाहीं. मानसोल्लासांतील मंडकहि तापलेल्या खापरावरच भाजावयाचे आहेत, आणि खानदेशांत आजहि ते पालथ्या खापरावरच भाजतात. खापर कुंभाराकडे, आणि कुंभार गांवाच्या शब्दांत. ज्यास गांवानें वाळींत टाकलें त्याचें पीठ घरांत असूनहि भाजलें जात नसे. चमत्काराची बाजू भाविकांकडे राहो. भांडें नाकारणें ही शिक्षा होती, एवढें इतिहासानें टिपून ठेवावें. आमच्या शेजारीं परमुलखांतून आलेलें एक कुटुंब होतें. त्यांस चाळींतील कोणी तवा देत नसे. कारण आम्हीं विचारलें नाहीं, तें विचारावयास हवें होतें.

पत्र 9 यावर एकहि पदार्थ नाहीं. त्यांत केवळ सावधगिरी आहे : स्टोव्ह दाराच्या वाऱ्यांत ठेवूं नये, अंथरुणापासून दूर ठेवावा, पेटता असतां रॉकेल भरूं नये, निजण्यापूर्वीं वाती विझल्या कीं नाहीं तें वांकून पाहावें. हें पत्र वाचतांना ज्यास शिवछत्रपतींचें चिपळुणाकडील छावणीच्या जुमलेदार, हवालदार व कारकून यांस गेलेलें आज्ञापत्र आठवणार नाहीं, त्यानें मराठ्यांचीं साधनें वाचलींच नाहींत असें आम्ही म्हणूं. राजवाड्यांनीं छापलेल्या या पत्राचा उल्लेख नेहमीं रयतेच्या संरक्षणासाठीं होतो, आणि तें योग्यच आहे. घोडीं व लोक यांची बेगमी पावसाळ्याआधींच उधळली तर रयतेवर जुलूम होईल, हा त्याचा गाभा. परंतु त्याच्या उत्तरार्धांत महाराज छावणीच्या चुलींकडे वळतात. कोणी स्वयंपाक करतील, कोणी भलत्याच जागीं चुली मांडतील, कोणी तमाखूसाठीं निखारा नेतील, वारा किंवा गवत पाहणार नाहींत. आणि एक गंज पेटली कीं सारी छावणी जाईल, असा त्याचा आशय आहे. रात्रीं दिवे तसेच ठेवून निजूं नये, कारण उंदीर पेटती वात ओढून नेतील, हेंहि त्यांत आहे. ही शेवटची सूचना कित्येकांस गमतीची वाटते. तींत गंमत नाहीं. वात तेलांत भिजलेली, तेल खाण्याचें. उंदीर तिला खाद्य समजूनच नेतो. ज्यानें हें सांगितलें त्यास गवताच्या छपराखालचा दाटीचा संसार जवळून माहीत होता. राज्यकर्त्याचे डोळे मुदपाकखान्याच्या जमाखर्चावरून उठून शिपायाच्या तीन धोंड्यांच्या चुलीवर स्थिरावले आहेत, असा दुसरा कागद आमच्या पाहण्यांत नाहीं.

आतां थोडें आमच्या व आमच्यासारख्या संग्राहकांच्या वर्तनाविषयीं. गेलीं तीस वर्षें आम्ही पोथ्या व बाडें जमवीत आहों. बाडाच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर, पंचांगांच्या पाठीवर, हुंड्यांच्या रुमालांत, बायकांच्या हातचीं लोणच्याचीं, मेतकुटाचीं, आजाऱ्याच्या पेजेचीं टिपणें सांपडतात. प्रारंभींच्या वर्षांत तीं आम्हीं काढून टाकलीं. ओझें कमी व्हावें हा हेतु. किती टाकलीं तें सांगतां येणार नाहीं. एका स्नेह्यांनीं तर अशा पानांच्या पुड्या बांधल्याचें आम्हीं प्रत्यक्ष पाहिलें, व त्या वेळीं आम्हीहि हसलों. ही वहीसुद्धां रद्दींत निघालीच होती. तीन वर्षांपूर्वीं भोसरीचें घर आवरतांना ती व्याकरणाच्या जुन्या टिपणांत अडकली म्हणून वांचली.

वहीचा खरा विषय पदार्थ नव्हे, क्रम हा आहे. एकच स्टोव्ह असला म्हणजे आधीं काय व मागून काय, यावरच जेवण ऊन मिळणें न मिळणें अवलंबून. पत्र 6 यांत तो क्रम दिला आहे. प्रथम डाळ, तिच्यावर झांकण म्हणून तांदुळाचें पातेलें, म्हणजे खालच्या वाफेनें वरचें पाणी कोमट होतें. डाळ उतरली कीं भात. भात अर्धा शिजला, पाणी वर दिसेनासें झालें, कीं पातेलें वर्तमानपत्रांत व मग गोधडींत गुंडाळून कोपऱ्यांत ठेवावें. तो आपल्याच उष्णतेनें पुरा होतो. तेवढ्या वेळांत तवा. एका स्टोव्हवर तीन पदार्थ आणि रॉकेल निम्मे. पुढें कलकत्त्याच्या इंदुमाधव मल्लिकांनीं 1910 च्या सुमारास काढलेल्या इकमिक कुकराविषयीं वाचलें तेव्हां, डब्यावर डबा रचून कोळशाच्या मंद आंचेवर सर्व अन्न एकदम शिजविण्याची ती युक्ति आम्हांस ओळखीची वाटली. मातोश्रींनीं इकमिक कुकर कधीं पाहिला नव्हता. त्यांनीं बाळंतिणीची पेज गोधडींत ठेवलेली पाहिली होती.

रात्रपाळीचा सोबती सकाळीं येई तेव्हां गोधडींतील भात ऊन असे, आणि तीच गोधडी पांघरून तो निजे.

राहिलें पत्र 11. तें पिठल्याचें होतें. दुसऱ्या सोबत्यास चाकणकडे काम लागलें व तेथें एकट्यानें राहणें आलें, तेव्हां त्यानें तें मागितलें व आम्हीं आपल्या हातानें फाडून दिलें. मजकूर स्मरणानें देत आहों. चौकटी कंसांतील शब्दांची खात्री नाहीं.

"कांदा लाल झाला की [दोन] वाट्या पाणी. उकळी आली की स्टोव्ह बारीक कर. एका हातानं पीठ भुरभुरव, दुसऱ्या हातानं ढवळ. गुठळी झाली तर पळीनं कडेला चिरड, घाबरू नको. झाकण ठेवून [शंभर] आकडे मोज. भाकरी आधी झालेली असू दे."

पत्राच्या पाठीमागेंहि तीन-चार ओळी होत्या. त्या आठवत नाहींत.