भयाचे सोंग आणि त्याची मालकी : अमेरिकन दूरचित्रवाणीवरील भयपट-निवेदक

प्रस्तावना

अमेरिकन दूरचित्रवाणीच्या इतिहासात राष्ट्रीय जाळ्यांचा, वृत्तप्रसारणाचा व मालिकांचा विचार जितका झाला, तितका रात्री उशिरा स्थानिक केंद्रांवरून होणाऱ्या प्रक्षेपणाचा झालेला नाही. याच उपेक्षित वेळेत १९५० च्या दशकात ‘भयपट-निवेदक’ ही व्यक्तिरेखा जन्मास आली. जुना, बहुधा सुमार भयपट दाखवावयाचा आणि त्याच्या आरंभी, मध्यंतरी व शेवटी प्रेत, पिशाच किंवा वेडा शास्त्रज्ञ यांचे सोंग घेतलेल्या निवेदकाने त्याच चित्रपटाची टर उडवावयाची, असे तिचे साधे स्वरूप होते. येथे ‘सोंग’ हा शब्द हेतुपूर्वक योजला आहे. प्रेक्षकांना घाबरविणे हा या वेषाचा हेतू नव्हता. वेष खोटा आहे हे उभयपक्षी ठाऊक असणे हीच त्यातील गंमत होती. अशा बटबटीत, स्वतःवरच हसणाऱ्या शैलीस पुढे ‘कॅम्प’ म्हटले जाऊ लागले. सुसान सोंटॅग यांचा त्यावरील प्रसिद्ध निबंध १९६४ मधील आहे. दूरचित्रवाणीवर ती शैली त्यापूर्वी दहा वर्षे नांदत होती.

प्रस्तुत लेखात या व्यक्तिरेखेच्या वाटचालीचा मागोवा घेताना एका प्रश्नावर भर दिला आहे : उसन्या सामग्रीतून उभ्या राहिलेल्या सोंगावर अखेर मालकी कोणाची?

व्हॅम्पिराचा उदय

निवेदकाची कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. नभोवाणीवर १९३१ पासून ‘द विचेस टेल’ मधील म्हातारी चेटकीण व १९४१ पासून ‘इनर सँक्टम’ चा कुत्सित सूत्रधार श्रोत्यांना परिचित होते. दूरचित्रवाणीवर मात्र मायला नुर्मी (१९२२-२००८) यांचे ऋण मान्य करावे लागते. फिनिश स्थलांतरिताच्या या कन्येने १९५३ मध्ये लॉस एंजेलिस येथील एका वेषांतर-नृत्यसमारंभात चार्ल्स ॲडम्स यांच्या ‘न्यूयॉर्कर’ मधील व्यंगचित्रांतल्या काळ्या वेषातील स्त्रीचे रूप घेतले. ते निर्माते हंट स्ट्रॉमबर्ग (धाकटे) यांच्या नजरेत भरले आणि १९५४ मध्ये केएबीसी केंद्रावर ‘द व्हॅम्पिरा शो’ सुरू झाला. ॲडम्स यांची उचल होऊ नये म्हणून नुर्मी यांनी मूळ रूपात फेरफार केले. चित्रकथांतील खलनायिका, ‘स्नो व्हाइट’ मधील दुष्ट राणी अशा अनेक ठिकाणांहून त्यांनी रंगरेषा घेतल्या. धुक्याने भरलेल्या मार्गिकेतून चालत येऊन ती किंकाळी फोडी आणि किंकाळीने आपल्याला किती बरे वाटते, हे शांतपणे सांगे. कवट्यांनी सजविलेल्या कोचावर पहुडून ‘रोलो’ नावाच्या कोळ्याशी गप्पा मारी. ‘लाइफ’ मासिकाने तिची दखल घेतली. तथापि, १९५५ मध्ये कार्यक्रम बंद झाला. व्यक्तिरेखेचे हक्क नुर्मी यांनी स्वतःकडे राखले होते आणि १९५६ मध्ये त्या तीच घेऊन थोड्या काळासाठी केएचजे केंद्रावर गेल्या. या केंद्राचे नाव ध्यानात ठेवावयास हवे.

‘शॉक’ आणि स्थानिक केंद्रे

एका शहरातील नवल देशभर पसरले ते आर्थिक कारणाने. १९५७ मध्ये स्क्रीन जेम्स या कंपनीने युनिव्हर्सल चित्रसंस्थेच्या १९४८ पूर्वीच्या ५२ चित्रपटांचा ‘शॉक’ नावाचा संच स्थानिक केंद्रांना भाड्याने देऊ केला. त्यात ‘ड्रॅक्युला’, ‘फ्रँकेन्स्टाइन’ (दोन्ही १९३१) आणि ‘द ममी’ (१९३२) हे चित्रपट होते. पुढील वर्षी आणखी २० चित्रपटांची भर पडली. केंद्रांनी आपापला निवेदक उभा करावा, असेही सुचविण्यात आले. बहुतेक ठिकाणी केंद्रातीलच एखाद्या हवामान-निवेदकाला किंवा उद्घोषकाला रंग फासून उभे करण्यात आले. खर्च नगण्य होता आणि हीच या प्रकाराची खरी जन्मकथा म्हटली पाहिजे.

फिलाडेल्फियाच्या डब्ल्यूसीएयू केंद्रावर जॉन झॅकरले (१९१८-२०१६) यांनी ‘रोलँड’ साकारला. १९५८ मध्ये न्यूयॉर्कला गेल्यावर ते ‘झॅकरली’ या नावाने ओळखले जाऊ लागले. चित्रपट चालू असतानाच क्षणभर आपले दृश्य मध्ये घुसविण्याची त्यांची युक्ती पुढे सर्वत्र अनुसरली गेली. फ्लॉवरच्या गड्ड्याला मेंदू समजून त्याची चिरफाड करणे हा त्यांचा आवडता उद्योग होता. त्याच वर्षी त्यांचे ‘डिनर विथ ड्रॅक’ हे गीत विक्रीच्या यादीत पहिल्या दहांत पोहोचले.

क्लीव्हलंडचा घूलार्डी

या परंपरेत सर्वाधिक बंडखोर ठरला तो क्लीव्हलंडच्या डब्ल्यूजेडब्ल्यू केंद्रावरील ‘घूलार्डी’ (१९६३-१९६६). एर्नी अँडरसन (१९२३-१९९७) यांनी खोटी दाढी, प्रयोगशाळेतील डगला आणि एक भिंग नसलेला चष्मा एवढ्या ऐवजावर तो उभा केला. भयाचे अवडंबर त्याने टाकूनच दिले. चित्रपट टाकाऊ आहे, पाहू नका, असे तो प्रेक्षकांना उघड सांगे आणि प्रेक्षक अधिकच चिकटून बसत. स्टुडिओत फटाके उडवून त्याने व्यवस्थापनास हैराण केले.

त्याच्या विनोदाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. पारमा या उपनगरात पूर्व युरोपीय वंशाच्या कामगार कुटुंबांची मोठी वस्ती होती. पांढरे मोजे, अंगणातील प्लॅस्टिकचे गुलाबी रोहित पक्षी आणि पोल्का संगीत यांवरून घूलार्डीने या वस्तीची यथेच्छ खिल्ली उडविली. ‘पारमा प्लेस’ नावाची विडंबन-मालिकाच चालविली. गावच्या प्रतिष्ठितांची नाराजी केंद्रापर्यंत पोहोचली आणि ती मालिका थांबवावी लागली. वरिष्ठांची टर उडविणारे सोंग शेजाऱ्यांची टर उडवू लागले, की त्याचा रंग पालटतो. घूलार्डीच्या चाहत्यांनी लिहिलेल्या आठवणींत या भेदाची जाणीव क्वचितच आढळते. तरीही हा विनोद केवळ क्लीव्हलंडकरांनाच कळणारा होता, ही गोष्ट महत्त्वाची आहे. शिकागोच्या ‘स्वेनगूली’नेही १९७० पासून बर्विन या उपनगरास असेच लक्ष्य केले, रिच कोझ यांनी १९७९ मध्ये तो वारसा घेतला आणि २०११ पासून मीटीव्ही या वाहिनीने तो देशभर नेला. अन्यत्र मात्र १९८० च्या दशकात बहुसंख्य निवेदक पडद्याआड गेले. १९८४ मध्ये जाहिरातींच्या कालमर्यादा उठविण्यात आल्या आणि रात्रीची वेळ विकत घेणाऱ्या प्रदीर्घ जाहिराती निवेदकापेक्षा किफायतशीर ठरल्या.

एल्व्हिरा आणि न्यायालय

१९८१ मध्ये केएचजे केंद्रानेच व्हॅम्पिराचे पुनरुज्जीवन करण्याचे ठरविले व नुर्मी यांना पाचारण केले. त्यांच्या मनात या भूमिकेसाठी लोला फलाना या कृष्णवर्णीय अभिनेत्रीचे नाव होते. केंद्राने कॅसँड्रा पीटरसन यांची निवड केली. नुर्मी बाहेर पडल्या, व्यक्तिरेखेचे नाव ‘एल्व्हिरा’ झाले. काळा तंग वेष, काळे केस, भयपटांची थट्टा हे सारे कायम राहिले. बोलण्याची ढब मात्र कॅलिफोर्नियाच्या उपनगरी तरुणीची होती आणि ती पीटरसन यांची स्वतःची होती, हे मान्य केले पाहिजे. एल्व्हिरा देशभर गाजली. बिअरच्या जाहिरातींपासून १९८८ च्या चित्रपटापर्यंत तिचे रूप विकले गेले.

नुर्मी यांनी दावा दाखल केला. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय जिल्हा न्यायालयाने निकाल त्यांच्या विरोधात दिला. ‘प्रतिरूप’ म्हणजे व्यक्तीच्या चेहऱ्यामोहऱ्याचे प्रत्यक्ष चित्रण; केवळ निकटचे साम्य म्हणजे प्रतिरूप नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. कायद्याच्या दृष्टीने हा अर्थ तर्कशुद्धच होता. नुर्मी यांनी ॲडम्सकडून जे घेतले, त्याच मोजमापाने पीटरसन यांनी नुर्मी यांच्याकडून घेतले, असाही युक्तिवाद करता येईल. परंतु दोहोंत एक फरक राहतो. नुर्मी यांनी कागदावरच्या एका अबोल आकृतीला वाणी, चाल आणि विनोद दिला. केंद्राला १९८१ मध्ये हवे होते ते हेच तयार यंत्र. या श्रमाला ‘प्रतिरूप’ या संज्ञेत जागा नव्हती.

पुराव्याची स्थितीही नुर्मी यांना प्रतिकूलच होती. ‘द व्हॅम्पिरा शो’ चे प्रक्षेपण थेट होत असे. त्याचा एकही संपूर्ण भाग उपलब्ध नाही. काही मिनिटांचे किनेस्कोप-चित्रण व छायाचित्रे तेवढी उरली आहेत. एड वुड यांच्या ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ मधील त्यांची भूमिका आज सर्वत्र पाहावयास मिळते, पण तीत त्या एक अक्षरही बोलत नाहीत. एल्व्हिराचे कार्यक्रम मात्र ध्वनिचित्रफितींच्या युगातले असल्याने पुनःपुन्हा प्रसिद्ध होत राहिले.