आलूचा मऊ घास

गेल्या आठवड्यात देगलूरकडच्या एका मैत्रिणीचा फोन आला. तिचं लेकरू अडीच वर्षांचं आहे. वरणभात आणि दूध सोडून तोंडात काही घेत नाही. आलू उकडून कुस्करून दिला, की पहिला घास कसाबसा जातो, आणि जिभेला एक गुठळी लागली की सगळं बाहेर. "घरातले मलाच बोलतात, तूच लाडावून ठेवलंस म्हणतात," असं सांगताना तिचा आवाज भरून आला होता. मी म्हटलं, बाई, तुझं उत्तर रेडिओवरच देते, म्हणजे घरातलेही ऐकतील. ज्या आलूला तुझं लेकरू नको म्हणतं, त्याला अर्ध्या जगानं आधी नकोच म्हटलं होतं.

आलू मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा. पेरू देशातले लोक हजारो वर्षं तो पिकवत होते. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला, आणि तिथं दोनशे वर्षं लोकांनी नाकं मुरडली. मातीखाली वाढणारा, डोळे असलेला, ओबडधोबड कंद! त्यानं कुष्ठरोग होतो अशीही समजूत फ्रान्समध्ये होती. पार्मांतिए नावाचे एक फ्रेंच औषधतज्ज्ञ लढाईत प्रशियाच्या कैदेत सापडले. तिथं त्यांना आलूच खायला मिळे. खाऊन काही झालं नाही, उलट प्रकृती चांगली राहिली. परत आल्यावर त्यांनी आलूची बाजू लावून धरली आणि १७७२ साली पॅरिसच्या वैद्यक मंडळींनी तो खाण्यालायक असल्याचं मान्य केलं. मोठ्या माणसांना पटायला एवढा काळ लागला, तिथं अडीच वर्षांच्या लेकराला दोन दिवसांत कसं पटावं?

इंग्लंडात मात्र त्याआधीच तो मऊ करून खाणं सुरू झालं होतं. हॅना ग्लास या बाईंच्या १७४७ सालच्या पाकपुस्तकात कृती आहे: दोन पौंड आलू, एक पाइंट दूध, पाव पौंड लोणी, मीठ. आपल्या मापानं नऊशे ग्रॅम आलूला अर्ध्या लिटरच्या आसपास दूध आणि सव्वाशे ग्रॅमला थोडं कमी लोणी. बुडाला लागू देऊ नका, अशी ताकीदही बाईंनी दिली आहे. स्वयंपाकघरातली भीती सगळीकडे एकच, बरं का.

आपल्याकडे तो पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीजांबरोबर आला. 'बटाटा' हा शब्द त्यांचाच, आणि त्यांनी तो कॅरिबियन बेटांवरून उचललेला. तिथं त्याचा अर्थ रताळं! पुणे-मुंबईकडे म्हणून 'बटाटा' रुजला. आपण नांदेड-लातूरकडे घरात 'आलू' म्हणतो. संस्कृतात खाण्याच्या कंदाला 'आलुक' म्हणत, तोच शब्द उत्तरेकडे या नव्या पाहुण्याला चिकटला. शेजारी तेलंगणात 'आलुगड्डा', बिदरकडे 'आलूगड्डे'. किनारी आंध्रात तर 'बंगाळादुंपा', म्हणजे बंगालचा कंद. कुठल्या वाटेनं आला ते नावातच सांगून ठेवलंय. आपला मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. पुस्तकात बटाटा आणि चुलीपाशी आलू, असं आमच्या पिढीचं चालायचं.

आपल्या भारी काळ्या रानात ज्वारी, तूर, हरभरा जोमानं येतात. आलूला हलकी, भुसभुशीत जमीन आणि थंड रात्री लागतात. म्हणून तो आपल्याकडे बाजारातूनच येतो, बहुतेक बाहेरच्या राज्यांतून. आपल्या जुन्या आज्यांच्या हाती त्याचं काही खास नव्हतं.

पण मऊ घास त्यांना शिकवायला नको होता! वेळ अमावस्येची भज्जी आठवा. पालेभाज्या, तुरीचे-हरभऱ्याचे ओले दाणे, वर बेसन, आणि सगळं इतकं शिजून एकजीव झालेलं की मेथी कुठली आणि चुका कुठला ते ओळखू येऊ नये. घरात मेथीला तोंड वाकडं करणारी लेकरं शेतात बसून ती भज्जी आंबिलीसोबत वाटीवाटीनं खातात. मला विचाराल तर त्यात अर्धं श्रेय शेताचं आणि अर्धं गुठळी नसण्याचं.

आणि पुरणाचं यंत्र! आलू गुळगुळीत करायला विदेशातले आचारी जे फिरवायचं यंत्र आणि चाळणी वापरतात, ते आपल्याकडे होळीला माळ्यावरून निघतं आणि धुऊन परत माळ्यावर जातं. ते खाली काढा.

आता कृती. जुना, जाड सालीचा आलू घ्या. नवा, पातळ सालीचा बहुधा चिकट होतो. हिरवट पडलेला किंवा मोड आलेला लेकराला देऊच नका. सालीसकट उकडा, म्हणजे पाणी आत शिरत नाही. सोलून दोन मिनिटं ताटात पसरा, वाफ जाऊ द्या. मग गरम असतानाच यंत्रातून काढा. थंड झाला की गुठळ्या बसतात. त्यात कोमट दूध थोडं थोडं घाला, चमचाभर तूप, चिमूटभर मीठ. मिक्सरला मात्र हात लावू नका. आलूच्या आत बारीक बारीक पिशव्यांत पिठूळ सत्त्व भरलेलं असतं. हलक्या हातानं दाबलं तर पिशव्या एकमेकींपासून सुटतात आणि घास मऊ होतो. पातं फिरलं की त्या फुटतात, सत्त्व बाहेर येतं आणि साडीला घालायची खळ तयार होते. तुमच्या लेकरानं ती थुंकली तर चूक लेकराची नाही.

पहिल्या दिवशी एक चमचाच द्या, आणि त्यात त्याच्या ओळखीचं वरण कालवा. दोन वर्षांनंतर नव्या पदार्थाची भीती वाटणं बहुतेक लेकरांत असतं. नवी चव अंगवळणी पडायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही ती पुढे यावी लागते. नको म्हटलं की ताट उचला, हात धरून भरवू नका. वजन वाढत नसेल किंवा गिळताना सारखा ठसका लागत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा, मग आलूची गोष्ट नंतर.

देगलूरच्या मैत्रिणीनं परवा पुन्हा फोन केला. यंत्र सासूबाईंनीच खाली काढून दिलं म्हणे. लेकरानं दोन चमचे खाल्ले आणि तिसरा जमिनीवर सांडला. मी तिला म्हटलं, चालू दे. महिन्याभरानं यंत्राची मोठ्या छिद्रांची चकती लावून बघ.